विश्लेषण : वेबसाइटवर ‘तुम्ही येथे आहात’ हे कोण सांगते? मेन्यूतील एका ठळक शब्दामागचे तंत्र

सरकारी पोर्टल असो वा कॉलेजची वेबसाइट, मेन्यूमध्ये चालू पानाचे नाव ठळक दिसले नाही तर अर्ज भरणारा भरकटतो. ही छोटी खूण कशी उमटते, ती का चुकते आणि मराठी संकेतस्थळांवर ती जास्त का चुकू शकते?

जून-जुलै म्हणजे प्रवेशांचा हंगाम. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी छत्रपती संभाजीनगरात सिडको, टीव्ही सेंटर, गुलमंडी परिसरातील सेवा केंद्रांवर गर्दी होते. अनेक विद्यार्थी मात्र रांग टाळून मोबाइलवरच काम उरकायला बघतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली लिंक उघडली, की ते थेट एखाद्या आतल्या पानावर जाऊन पडतात. वर मेन्यू दिसतो : मुखपृष्ठ, सेवा, नवीन अर्ज, अर्जाची स्थिती, सूचना, संपर्क. सगळे शब्द एकाच रंगाचे, एकाच जाडीचे. आता आपण ‘नवीन अर्ज’मध्ये आहोत की ‘अर्जाची स्थिती’मध्ये? समोर दिसणारी यादी चालू वर्षाची आहे की ‘जुन्या सूचना’ या विभागातली?

या प्रश्नाचे उत्तर वेबसाइटने न विचारता द्यायला हवे. ते देण्याची सर्वात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे मेन्यूतील चालू पानाचे नाव वेगळे दाखवणे : ठळक अक्षरे, खाली रेघ किंवा मागे रंगाची पट्टी. दिसायला किरकोळ असणाऱ्या या गोष्टीवर वेब डेव्हलपर नेहमी अडतात. का, ते समजून घेऊ.

ही खूण एवढी महत्त्वाची का?

वेरूळची लेणी पाहायला गेलेल्या पर्यटकाचे उदाहरण घ्या. तिथे डोंगराच्या कडेने ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. कैलास लेणे १६ व्या क्रमांकाचे. हे क्रमांक लेणी कधी कोरली यावर ठरलेले नाहीत, ती कुठे आहेत यावर ठरलेले आहेत. त्यामुळे दहाव्या लेण्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला कुणाला न विचारता कळते की कैलास अजून पुढे आहे आणि आपण बौद्ध लेण्यांच्या भागात आहोत. नकाशा हातात असून उपयोग नाही. नकाशावर आपण कुठे उभे आहोत, हे कळले तरच तो कामाचा.

वेबसाइटचा मेन्यू हा असाच नकाशा असतो. चालू पानाची खूण म्हणजे त्यावरचा ‘आपण येथे आहात’ हा ठिपका.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांपैकी पहिलेच तत्त्व ‘यंत्रणेची स्थिती वापरणाऱ्याला दिसत राहिली पाहिजे’ असे आहे. स्टीव्ह क्रुग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘डोन्ट मेक मी थिंक’ या पुस्तकात त्यासाठी एक गमतीशीर चाचणी सुचवली. डोळ्यांवर पट्टी बांधून, गाडीच्या डिकीत घालून तुम्हाला एखाद्या वेबसाइटच्या कुठल्या तरी आतल्या पानावर आणून सोडले, तर ही कोणती साइट, हे कोणते पान आणि आपण साइटच्या कोणत्या भागात आहोत, हे लगेच कळते का? व्हॉट्सॲपवरच्या लिंकने साइटवर येणारा आजचा वाचक अगदी याच अवस्थेत असतो. तो मुखपृष्ठाच्या दारातून आत आलेलाच नसतो.

आणि इथे चुकले तर नुकसान होते. ‘अर्जाची स्थिती’ समजून कुणी ‘नवीन अर्ज’ दुसऱ्यांदा भरतो. कुणी मागच्या वर्षीची सूचना वाचून तारीख गेली असे समजतो. कुणी ‘आपण चुकीच्या पानावर आलो’ असे वाटून मागे जाण्याचे बटण दाबतो आणि अर्धा भरलेला फॉर्म पुसला जातो.

मेन्यूला स्वतःला का कळत नाही?

मेन्यू पानावरच आहे, मग आपण कोणत्या पानावर आहोत हे त्याला ठाऊक नको का? अडचण मेन्यू तयार करण्याच्या पद्धतीत आहे.

पन्नास पानांच्या साइटसाठी कुणी पन्नास वेळा मेन्यू लिहीत नाही. तो एकदाच लिहिला जातो आणि सगळ्या पानांना जोडला जातो. याला टेम्पलेट म्हणजे साचा म्हणतात. छापखान्यात लग्नपत्रिकेचा ठरलेला मजकूर तयार असतो. नावे, तारीख, कार्यालय तेवढे बदलते. तसेच इथे वरचा पट्टा, मेन्यू आणि तळाची माहिती मुख्य साच्यात असते. प्रत्येक पान फक्त आपला मधला मजकूर भरते. मेन्यूत एक नवा शब्द घालायचा तर एकाच फाइलमध्ये बदल करावा लागतो आणि तो पन्नास पानांवर दिसतो.

पण जी गोष्ट सगळीकडे सारखी आहे, ती प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी दिसावी, अशी आपली अपेक्षा आहे. गाठ इथेच पडते.

जालना रोडवरच्या शहर बसचा विचार करा. समजा, प्रत्येक थांब्यावर लावण्यासाठी एक फलक छापला : क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको, चिकलठाणा. सगळे फलक एकाच साच्यातून निघाले. आता आकाशवाणीच्या थांब्यावरच्या फलकात ‘आकाशवाणी’भोवती लाल गोल हवा आणि सेव्हन हिलच्या फलकात ‘सेव्हन हिल’भोवती. तो गोल कोण आणि कधी काढणार? याची तीन उत्तरे आहेत आणि जगभरातल्या वेबसाइट याच तीन पद्धतींनी चालतात.

पद्धत पहिली : पानाने स्वतःचे नाव सांगावे

फलक घेऊन जाणाऱ्या माणसाला प्रत्येक थांब्यासाठी एक चिठ्ठी द्यायची : ‘हा आकाशवाणीचा’. पायथॉन भाषेतील ‘जिंजा’ या टेम्पलेट यंत्रणेच्या माहितीपुस्तिकेत नेमकी हीच युक्ती दिली आहे. प्रत्येक पान सुरुवातीलाच ‘चालू पान : संपर्क’ अशी एक ओळ लिहिते. मुख्य साचा मेन्यूतील नावे एकेक करून तपासतो आणि जे नाव जुळेल त्याला ‘सक्रिय’ असा शिक्का मारतो. पानाने काहीच सांगितले नाही, तर साचा ‘मुखपृष्ठ’ गृहीत धरतो. (जिंजा हा देवळासाठीचा जपानी शब्द. इंग्रजीत देऊळ आणि साचा यांचे शब्द उच्चाराला जवळचे आहेत, म्हणून हे नाव.)

ही पद्धत साधी आणि भरवशाची आहे. पत्ता बदलला, भाषा बदलली तरी ती चालते. तिचा दोष एवढाच, की नवे पान तयार करताना ती ओळ लिहायला माणूस विसरतो. मग त्या पानावर कोणतीच खूण दिसत नाही किंवा उगाच ‘मुखपृष्ठ’ ठळक दिसते.

पद्धत दुसरी : सर्व्हरने पत्ता बघून ठरवावे

इथे चिठ्ठी लागत नाही. फलक कोणत्या पत्त्यावर जाणार हे छापखान्याला माहीत असते, त्यामुळे गोल तिथेच छापला जातो. वाचक पान मागतो तेव्हा सर्व्हरला त्या पानाचा वेब पत्ता कळलेला असतो. मेन्यूतील लिंकशी तो ताडून पाहायचा आणि जुळली ती लिंक ठळक करायची.

‘रुबी ऑन रेल्स’, ‘लाराव्हेल’, ‘जँगो’ या लोकप्रिय यंत्रणांमध्ये यासाठी सोयी आहेत. त्यातही दोन प्रकार आहेत. एक, पत्त्याची अक्षरे ताडणे. दोन, त्या पत्त्याला कोडमध्ये दिलेले अंतर्गत नाव ताडणे. दुसरा प्रकार जास्त टिकाऊ, कारण पत्ता बदलला तरी अंतर्गत नाव बदलावे लागत नाही. घराला नवा क्रमांक मिळाला तरी सातबाऱ्यावरचा मालक तोच राहतो, तसे.

वर्तमानपत्राच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट : यातील ‘जँगो’चा जन्म एका दैनिकाच्या कार्यालयात झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी तो घडवायला सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. रोज बदलणाऱ्या बातम्या आणि न बदलणारा साचा, ही वर्तमानपत्राची रोजची गरज त्यामागे होती.

पद्धत तिसरी : ब्राउझरने नंतर खूण करावी

या पद्धतीत फलक कोराच येतो. तो थांब्यावर लागल्यावर कुणीतरी खडूने गोल काढतो. पान तुमच्या फोनवर उघडले, की जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा चालू पत्ता वाचतो आणि मेन्यूतील योग्य शब्द रंगवतो. ‘रिॲक्ट राउटर’सारख्या साधनांत तर मेन्यूच्या लिंकसाठी वेगळा घटकच आहे. तो चालू लिंकला आपोआप ‘सक्रिय’ ठरवतो.

पान पुन्हा न उघडता मजकूर बदलणाऱ्या आधुनिक वेब ॲपमध्ये हीच पद्धत लागते. पण साध्या माहितीच्या साइटसाठी ती महाग पडते. नेटवर्क मंद असेल, स्क्रिप्ट अडकली असेल तर खूण उशिरा येते किंवा येतच नाही. ग्रामीण भागात एका काडीच्या रेंजवर फॉर्म भरणाऱ्याला याचा फटका आधी बसतो.

मग चुकते कुठे?

नेहमी दिसणाऱ्या चुका मोजक्याच आहेत.

‘मुखपृष्ठ’ कायम ठळक : तयार टेम्पलेट उतरवून घेतले, त्यात पहिल्या शब्दाला ‘सक्रिय’ शिक्का आधीच मारलेला होता आणि तो कुणी काढला नाही. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक हटकून सापडते. दुसरे कारण तांत्रिक आहे. ‘पत्त्याची सुरुवात जुळली की सक्रिय’ असा नियम लावला, तर मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, आणि प्रत्येक पानाचा पत्ता त्या रेघेनेच सुरू होतो. त्यामुळे ‘मुखपृष्ठ’ सगळीकडे जुळते.

दोन शब्द एकदम ठळक : याच नियमाचा दुसरा परिणाम. ‘सेवा’ या शब्दाने सुरू होणारे सगळे पत्ते सेवा विभागाचे मानले, तर ‘सेवानिवृत्ती’ या पानावरही ‘सेवा’ ठळक होते. उपाय सोपा आहे. ताडताना शब्द संपला की नाही, हेही बघायचे.

आतल्या पानावर खूण गायब : उलट, पूर्ण पत्ता जुळला तरच खूण करायची असे ठरवले, तर ‘निविदा’ विभागातील एखादी विशिष्ट निविदा उघडताच ‘निविदा’वरची खूण जाते. इथे विभागाला एक खूण आणि नेमक्या पानाला दुसरी, अशी दोन पातळ्यांची सोय लागते.

फॉर्म चुकला की खूण पुसली : ही सर्वात खोडसाळ चूक. ‘रेल्स’मधील चालू पान ओळखणारी तयार सोय सर्वसाधारणपणे पान वाचण्यासाठी केलेल्या विनंतीलाच दाद देते, माहिती पाठवण्यासाठी केलेल्या विनंतीला नाही. तुम्ही फॉर्म पाठवला, त्यात मोबाइल क्रमांक चुकला आणि तोच फॉर्म लाल सूचनेसह परत आला, तर मेन्यूतील खूण दिसेनाशी होऊ शकते. ज्या क्षणी माणूस सर्वाधिक गोंधळलेला असतो, नेमक्या त्याच क्षणी.

साठवलेला मेन्यू : वेग वाढवण्यासाठी सर्व्हर तयार पानाचे तुकडे साठवून ठेवतो. कुणी ‘संपर्क’ पान उघडले असताना मेन्यू साठवला गेला, तर पुढच्या वाचकाला ‘सूचना’ पानावरही ‘संपर्क’ ठळक दिसतो. आकाशवाणीचा फलक चिकलठाण्याला लागावा, तसे. खूण नसण्यापेक्षा खोटी खूण वाईट, कारण तिच्यावर माणूस विश्वास ठेवतो.

मराठी संकेतस्थळांचा वेगळा पेच काय?

वरच्या चुका कोणत्याही भाषेत होतात. मराठीत त्यात तीन अडचणींची भर पडते. परदेशी पुस्तिकांतील तयार उपायांत त्यांचा विचार सहसा नसतो.

पहिली अडचण दोन भाषांची. बहुतेक सरकारी साइट मराठी आणि इंग्रजीत असतात आणि पत्त्यात भाषेचा एक तुकडा येतो. मेन्यूची तुलना इंग्रजी पत्त्यांशी लिहिली असेल, तर इंग्रजीत खूण दिसते आणि मराठीवर जाताच नाहीशी होते. साइट तपासणारा इंग्रजी पान बघून निघून जातो, मराठी वाचणारा मात्र खुणेवाचून राहतो.

दुसरी अडचण देवनागरी पत्त्याची. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता देवनागरीत दिसला तरी आत तो सांकेतिक रूपात फिरतो. ‘सेवा’ या शब्दात चार चिन्हे आहेत : स, एकाराची मात्रा, व आणि काना. यातील प्रत्येकाला साठवणुकीत तीन बाइट लागतात, म्हणजे १२ बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे चार चिन्हांचा ‘सेवा’ आत ३६ अक्षरांचा होतो. एका बाजूला चार चिन्हांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला ३६ अक्षरांची साखळी ताडली, तर उत्तर नेहमी ‘जुळत नाही’ असेच येणार.

तिसरी अडचण खास मराठी आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा आपल्याकडच्या मेन्यूंमधला हक्काचा शब्द. त्यातला ‘ऱ्य’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे; साध्या ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही तेच अक्षर बनते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोड त्यांना समतुल्य मानते, पण कोडमध्ये आधी प्रमाणीकरण केले नाही तर साधी तुलना त्यांना वेगळे समजते. तिसरा प्रकार म्हणजे ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. हा प्रकार तर प्रमाणीकरण करूनही पहिल्या दोघांशी एक होत नाही. मेन्यू एका कर्मचाऱ्याने एका कीबोर्डवर टाइप केला आणि पान दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर, तर ‘शेतकऱ्यांसाठी’ला ‘शेतकऱ्यांसाठी’ ओळखत नाही.

शहराचे नाव बदलले, त्याचा इथे काय संबंध?

औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर करण्यास फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचेही नाव बदलले. असे नामांतर झाले की फलक आणि लेटरहेड बदलतात, तसे वेब पत्तेही टप्प्याटप्प्याने बदलतात. जुन्या लिंक तुटू नयेत म्हणून जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवण्याची सोय केली जाते. ती आवश्यकच आहे.

पण मेन्यूत जुना पत्ता तसाच राहिला आणि पान नव्या पत्त्यावर गेले, तर एक बारीक गोष्ट घडते. लिंक दाबली की वाचक बरोबर पानावर पोहोचतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मात्र मेन्यूतील पत्ता आणि चालू पत्ता आता वेगळे असतात, त्यामुळे खूण उमटत नाही. जिथे तुलना पत्त्याच्या अक्षरांवर न करता अंतर्गत नावावर केलेली असते, तिथे नामांतराचा काहीच परिणाम होत नाही. शहराचे नाव, भाषा, लिपी, कीबोर्ड यातले काहीही बदलले तरी टिकेल, अशी खूण करायची तर ती दिसणाऱ्या शब्दांवर आणि पत्त्यावर अवलंबून ठेवू नये. वरच्या तिन्ही मराठी अडचणींवरही हाच उपाय लागू पडतो.

नुसता रंग बदलला तर चालत नाही का?

नाही. लाल-हिरव्यातला फरक न जाणवणाऱ्यांना रंगाची खूण दिसत नाही. दुपारच्या उन्हात, ब्राइटनेस कमी केलेल्या फोनवर ती कुणालाच नीट दिसत नाही. म्हणून ‘वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सर्वात प्राथमिक पातळीवरच अट आहे : माहिती देण्यासाठी रंग हे एकमेव साधन असू नये. रंगासोबत रेघ, जाडी किंवा आकार यांपैकी काहीतरी हवे.

दृष्टिहीन वाचकाला तर रेघही उपयोगाची नाही. तो टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरवर मेन्यू ऐकतो. त्याच्यासाठी कोडमध्ये ‘एरिया-करंट’ नावाची खूण आहे. डिसेंबर २०१७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाणित केलेल्या ‘एरिया १.१’मध्ये ती आली. मेन्यूतील लिंकवर ही खूण असेल, तर स्क्रीन रीडर त्या लिंकचे नाव वाचताना हे चालू पान असल्याचेही सांगतो. बहुपानी अर्जात ‘पायरी’ असे मूल्य देऊन चार टप्प्यांपैकी कोणता टप्पा चालू आहे, हेही सांगता येते. यासाठी डेव्हलपरला लागतो तो एक शब्द. ‘रिॲक्ट राउटर’चा मेन्यू घटक तो स्वतःहून घालतो, हाताने लिहिलेल्या टेम्पलेटमध्ये मात्र तो आठवणीने घालावा लागतो.

कायदा आणि नियम काय म्हणतात?

इथे एक विसंगती आहे. ‘वाचक साइटमध्ये कुठे आहे ते सांगा’ हा निकष या तत्त्वांत सर्वोच्च म्हणजे ‘एएए’ पातळीवर आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना पहिल्यांदा २००९ मध्ये आल्या. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली आणि ती मधली ‘एए’ पातळी मागते. म्हणजे खूण दाखवणे काटेकोरपणे सक्तीचे नाही. पण दिसणाऱ्याला जी माहिती मिळते ती ऐकणाऱ्यालाही कोडमधून मिळाली पाहिजे, हा निकष प्राथमिक पातळीवरचा आहे. थोडक्यात, खूण केली असेल तर ती सर्वांसाठीच करावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची जबाबदारी घालतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधित व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ई-केवायसीच्या अडचणींचा होता. मात्र सेवा ऑनलाइन गेली असेल तर तिथपर्यंतचा रस्ताही सर्वांना दिसला पाहिजे, हे तत्त्व मेन्यूलाही लागू होते.

एक साचा, शेकडो जिल्हे

महाराष्ट्रातील जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सेवेवर उभी आहेत. देशभरातील शेकडो सरकारी साइट या एकाच व्यवस्थेतून, ठरलेल्या टेम्पलेटवर तयार होतात. नावातल्या तीन ‘एस’चा अर्थ सुरक्षित, विस्तारक्षम आणि सुगम्य. अशा व्यवस्थेत साच्यातील एक सुधारणा गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकदम पोहोचते. तसाच साच्यातला एक दोषही. म्हणून मूळ टेम्पलेटमधील एका ओळीचे मोल एखाद्या जिल्ह्याच्या साइटवर केलेल्या रंगरंगोटीपेक्षा जास्त असते.

मोबाइलवर मेन्यूच लपलेला असेल तर?

फोनवर मेन्यू बहुधा तीन आडव्या रेघांच्या बटणामागे दडलेला असतो. तो उघडल्याशिवाय खूण दिसत नाही. अशा वेळी पानाचे मोठे शीर्षक आणि ब्राउझरच्या टॅबमधील नाव यांनी ते काम करायचे असते. प्रत्येक पानाच्या टॅबवर फक्त संस्थेचे नाव असेल, तर तीन टॅब उघडणारा वाचक त्यांच्यात फरक करू शकत नाही. ‘मुखपृष्ठ, सेवा, उत्पन्न दाखला’ अशी वाटेची पट्टीही उपयोगी पडते. ॲपमध्ये खालच्या पट्टीचा पर्याय आहे. गूगलच्या ‘मटेरियल डिझाइन’ सूचनांनुसार तिथे तीन ते पाच मुख्य जागा ठेवल्या जातात आणि चालू जागेच्या चिन्हामागे एक लांबट गोल पट्टी दिसते.

तुम्ही स्वतः कसे तपासाल?

तुमच्या कॉलेजची, ग्रामपंचायतीची किंवा दुकानाची साइट तपासायला पाच मिनिटे पुरतात.

१. साइटच्या एखाद्या आतल्या पानाची लिंक घरातल्या कुणाला तरी पाठवा. ‘तू कोणत्या विभागात आहेस?’ असे विचारा. उत्तर पाच सेकंदांत यायला हवे.

२. फोनचा डिस्प्ले ग्रेस्केल म्हणजे कृष्णधवल करा. खूण अजून ओळखू येते का?

३. भाषा मराठीवरून इंग्रजी आणि पुन्हा मराठी करा. खूण दोन्हीकडे त्याच शब्दावर आहे का?

४. फॉर्म मुद्दाम अपुरा भरून पाठवा. चूक दाखवणाऱ्या पानावर खूण कायम आहे का?

५. टॉकबॅक सुरू करून मेन्यू ऐका. चालू पान कोणते, ते कानाला कळते का?

सरकारी साइटवर यातले काही चुकत असेल, तर ते कळवण्याची सोय आहे. मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक संकेतस्थळासाठी ‘वेब इन्फर्मेशन मॅनेजर’ नेमलेला असावा लागतो आणि त्याच्याशी संपर्काचा तपशील साइटवर द्यावा लागतो. तो बहुधा पानाच्या अगदी तळाशी असतो. कळवताना पानाची लिंक, भाषा आणि स्क्रीनशॉट जोडला तर दुरुस्ती लवकर होते. साचा एकच असल्याने ती दुरुस्ती तुमच्या पानापुरती राहत नाही. प्रवेशाच्या हंगामात रात्री उशिरा मोबाइलवर दाखल्याचा अर्ज भरत बसलेल्या पुढच्या विद्यार्थ्यालाही ती दिसते.